जाहिरात छापली, गिऱ्हाईक कुठून आलं?

वृत्तपत्राच्या किती प्रती खपतात, हे १९४८ साली स्थापन झालेली ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स दर सहामाहीला तपासून प्रमाणित करते. जाहिरातीचा दर ठरवायला हा आकडा कामाचा. पण जाहिरात वाचून गिऱ्हाईक आलं का, हे त्यातून कळत नाही.

ते मोजण्यासाठी अमेरिकी जाहिरातकार क्लॉड हॉपकिन्स यांचा भर कूपनवर असे. कूपनवर प्रत्येक जाहिरातीची वेगळी खूण छापायची. परत आलेली कूपनं मोजली की कोणत्या मथळ्याने किती चौकशा आणल्या आणि चौकशीमागे खर्च किती पडला, याचा हिशेब लागे. १९२३ च्या ‘सायंटिफिक अॅडव्हर्टायझिंग’ या पुस्तकात त्यांनी असं मोजमाप आग्रहाने मांडलं.

रत्नागिरीच्या आंबा बागायतदारालाही आज हे सहज जमेल. एका दैनिकात एक मोबाइल नंबर, दुसऱ्यात दुसरा, पत्रकावर वेगळा क्यूआर कोड. मात्र नुसते फोन मोजून भागत नाही, आणि बहुतेकांचा हिशेब नेमका इथेच थांबतो. वहीत पुढचा रकाना हवा: पेटी गेली का? खर्च सारखाच असेल, तर पन्नास फोन आणि दोन पेट्यांपेक्षा दहा फोन आणि सात पेट्या देणारी जाहिरात केव्हाही सरस. त्याच घरातून पुढच्या हंगामात पुन्हा मागणी आली, तर तीही त्याच जाहिरातीच्या खात्यात लिहावी.