मिळेल तिथपर्यंत

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि कुलाब्याच्या वेधशाळेत ७३. दोन्ही जागा एकाच शहरातल्या, मधे जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. यातला ९४४ मुंबईकराला पाठ आहे, ७३ सहसा कुणाला आठवत नाही. पण त्या दिवशी कामावर असलेल्यांची जी दैना झाली, तिचा बराचसा खुलासा या धाकट्या आकड्यात आहे. फोर्ट, चर्चगेट, नरिमन पॉइंटच्या खिडक्यांतून दिसत होता तो जुलैतला नेहमीचा पाऊस. त्यामुळे ‘गाड्या बंद पडायच्या आत निघा’ हा सल्ला तिथल्या साहेबांना शहाणपणाचा वाटला आणि माणसं डबा पिशवीत टाकून निघाली. दादरच्या पुढे त्यांना वेगळंच शहर भेटलं.

तो मंगळवार होता. दुपारी दोननंतर उपनगरांवर पाऊस ओतला गेला, चारच्या सुमाराला साडेचार मीटरच्या आसपासची भरती आली आणि अंधार पडायच्या आत रेल्वे, रस्ते, मोबाइल तिन्ही बसले. लोक रात्रभर ट्रॅकवरून, हायवेवरून चालत राहिले. कुणी बसमध्ये रात्र काढली, कुणी कधी न पाहिलेल्या माणसाच्या घरात. पाण्यात अडकलेल्या बंद मोटारींत काही जण गुदमरून गेले. मुंबईत चारशेहून अधिक माणसं दगावली. ती सगळी काही वाटेवर नव्हती. साकीनाक्याला दरड कोसळली ती घरांवरच. तेव्हा घर म्हणजे सुरक्षित आणि ऑफिस म्हणजे धोका, असा सरळ हिशेब नाही. खरा धोका बहुतेक वेळा या दोन छपरांच्या मधल्या जागेत असतो.

पावसाळ्यात मुंबईतल्या कुठल्याही ऑफिसात दुपारी तीन-साडेतीनला हे कानावर पडतंच:

“मॅडम, निघू का? हार्बर बंद पडतेय म्हणतात.”

“अगं, पण जाशील कशी?”

“बघते. कुर्ल्यापर्यंत तरी मिळेल. पुढचं पुढे.”

कुर्ल्यापर्यंत मिळतेही. पण शीव, कुर्ला, चुनाभट्टी हा पट्टा मुळात सखल, शेजारी मिठी नदी. मध्य आणि हार्बर मार्गांवर पाणी सर्वांत आधी चढतं ते इथे. म्हणजे जिथे छप्पर, दिवे, प्यायचं पाणी आणि स्वच्छतागृह होतं, ती जागा सोडून आपण हजारोंच्या गर्दीत, पाण्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहतो. मागे फिरायला गाडी नाही, पुढे जायला वाट नाही. माझं मत विचाराल तर अर्ध्या वाटेसाठी निघूच नये. घराच्या दारापर्यंतचा रस्ता चालू आहे, याची या क्षणी खात्री असेल तर निघावं. नाहीतर खुर्ची सोडू नये.

आणि एकट्याचं निघणं वेगळं, सगळ्यांचं एकदम निघणं वेगळं. ‘आज लवकर सोडलं’ हे ऐकायला गोड वाटतं, पण सरकारी कचेऱ्या, बँका, खासगी ऑफिसं एकाच तासाला सुटली की फलाट आणि पादचारी पूल भरून जातात. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्या वेळी पाऊस इतकंच करत होता, की लोक पुलावरून खाली उतरायला कचरत होते आणि मागून गाड्या रिकाम्या होत होत्या. लवकर सोडायचंच असेल तर त्याची खरी वेळ सकाळची आहे. हवामान खात्याने आदल्या संध्याकाळी लाल रंगाचा इशारा दिला असेल, तर ज्यांचं काम घरून होण्यासारखं आहे त्यांना बोलावूच नये. लाल म्हणजे ढोबळमानाने २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वरचा पाऊस. दुपारी दोनला मन मोठं करून काय उपयोग?

थांबण्यामागे भरती-ओहोटीचं साधं गणित आहे. मुंबईची पर्जन्य जलवाहिन्यांची मूळ व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पात ती क्षमता ५० मिलिमीटरवर न्यायचं ठरलं, हाजीअली, ईर्ला, लव्हग्रोव्ह अशी पंपिंग स्टेशनं झाली, हिंदमाताचं पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या झाल्या. फरक पडला आहे, हे मान्य करायला हवं. पण नाले जिथे समुद्राला मिळतात ती बहुतेक मुखं भरतीच्या पातळीखाली आहेत. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला वाटच राहत नाही. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास लागतात. पाऊस जरा ओसरला, की या सहा तासांत सखल भागातलं पाणी बऱ्याचदा स्वतःहून उतरतं. दुपारी चारला मिलन सबवेसमोर हताश उभा असलेला माणूस रात्री दहाला तिथूनच कोरड्या पायांनी जाऊ शकतो. नेहमीच असं होत नाही, २००५ ला झालं नाही. तरीही साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांचे दिवस पावसाळ्याआधीच जाहीर होतात. ते वेळापत्रक ऑफिसात चहाच्या मशीनशेजारी लावायला काहीच खर्च नाही.

थांबवून ठेवण्याची ही गोष्ट जपानमध्ये टोकियोने कायद्यात आणली. ११ मार्च २०११ ला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी तिथे ९ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. त्सुनामीने उद्ध्वस्त केला तो ईशान्येचा किनारा. टोकियोत इमारती हलल्या, पण बहुतेक उभ्या राहिल्या. थांबल्या त्या रेल्वे. जपान सरकारच्या अंदाजानुसार टोकियो आणि आसपासच्या भागात त्या दिवशी सुमारे ५१ लाख माणसं घरी पोहोचू शकली नाहीत. पदपथ माणसांनी भरले, रस्ते मोटारींनी, आणि रुग्णवाहिका, अग्निशमन दलाच्या गाड्या त्यात अडकल्या. शहाणपण आलं ते यातून. एप्रिल २०१३ पासून टोकियोत स्थानिक कायदा लागू आहे: मोठ्या आपत्तीत सगळ्यांनी एकदम घराकडे निघू नये, आणि कंपन्यांनी आपल्या माणसांसाठी तीन दिवसांची बेगमी ठेवावी. दर माणशी दिवसाला तीन लिटर प्रमाणे नऊ लिटर पाणी, नऊ जेवणं, एक पांघरूण. तीन दिवस का, तर ढिगाऱ्याखालच्या माणसाला जिवंत बाहेर काढण्याची आशा पहिल्या ७२ तासांत असते. तेवढा वेळ रस्ते बचाव पथकांसाठी मोकळे हवेत. त्यांच्या नियोजनात चालण्याचाही हिशेब आहे. घर दहा किलोमीटरच्या आत असेल तर माणूस चालत पोहोचेल, वीसच्या पुढे पोहोचणार नाही, असं धरलं जातं. डोंबिवली, विरार, पनवेलच्या माणसाने आपलं अंतर यात बसवून पाहावं.

हे सगळं पटलं तरी माणूस उठतोच. कारण ओढ घराची नसते, घरातल्या माणसांची असते. मुलगी शाळेच्या बसमध्ये आहे, आई एकटी आहे आणि तिचं इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे, घरकामाच्या ताई आल्या की नाही ठाऊक नाही, आणि फोन लागत नाही. अशा वेळी ‘शांत बसा’ हा उपदेश फुकट आहे. थांबण्याची खरी तयारी ऑफिसात करायची नसतेच, ती घराच्या टोकाला करायची असते. आपण पोहोचलो नाही तर शाळेतून मुलाला आणायचं कुणी, याचं उत्तर जूनमध्येच ठरलेलं हवं, आणि त्या व्यक्तीचं नाव शाळेकडे लेखी हवं. नाहीतर चौथ्या मजल्यावरच्या काकू गेटवर उभ्या राहतील आणि शिपाई मूल हातात देणार नाही. चावी शेजारी. औषधांची चिठ्ठी फ्रिजवर. निरोपासाठी शहराबाहेरचा एक माणूस ठरवावा: सांगलीची मावशी, नाशिकचा भाऊ. शहरातल्या शहरात सगळे एकमेकांना फोन करू लागले की जाळं कोंडतं. त्यापेक्षा प्रत्येकाने मावशीला एक छोटा एसएमएस करावा आणि मावशीने सगळ्यांची खबर सगळ्यांना द्यावी. कॉल लागत नसताना साधा एसएमएस बऱ्याचदा जातो. ‘ऑफिसात आहे, सुखरूप, रात्री इथेच’ एवढं कळलं की दोन्हीकडची घालमेल निम्मी होते. जपानमध्ये यासाठी १७१ हा निरोप ठेवण्याचा क्रमांकच आहे. आपल्याकडे मावशी आहे.

आता ऑफिसचं. आपल्याकडे ‘आपत्ती व्यवस्थापन’ म्हणजे भिंतीवरचा अग्निशामक आणि वर्षातून एकदा जिन्याने खाली उतरून काढलेला फोटो. मुक्कामाची वेळ आली तर काय लागतं, हे एका ओळखीच्या छोट्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटाने मला दाखवलं. वरच्या कप्प्यात चादरी आणि जुने टॉवेल, मधल्या कप्प्यात चिक्की, बिस्किटं, उपम्याची पाकिटं, ओआरएस, सॅनिटरी पॅड, बँडेड, बॅटरीचा दिवा. खाली रबरी चपलांची रास, सहापासून दहा नंबरपर्यंत. चपला कशाला, विचारल्यावर तिथले शिपाईमामा म्हणाले, “साहेब, कातडी बूट पाण्यात भिजला की तासाभरात टाच सोलते. मग चालेल कोण?” हे कपाट भरायला लागलेले पैसे एका पार्टीच्या बिलापेक्षा कमी असतील. पण तिथेही कुणी न मांडलेला प्रश्न कडीचा होता. बायकांसाठी वेगळी खोली, आतून लागणारी कडी, जिन्यातला दिवा आणि रात्रभर जागा राहणारा एक जबाबदार माणूस, हे ठरलेलं नसेल तर ‘इथेच थांबा’ म्हणणाऱ्या साहेबाला बाई मनातल्या मनात नकार देऊन कुर्ल्याला निघते, आणि तिचं काही चुकत नाही.

थांबणं हा नियम सरसकट नाही, हेही सांगायला हवं. इमारतीत आग लागली तर क्षणभरही थांबायचं नाही, लिफ्टकडे न बघता जिना धरायचा. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत स्फोट झाले, तेव्हा रेल्वे थांबली पण रस्ते शाबूत होते. हजारो लोक चालत आणि अनोळखी मोटारींत बसून घरी गेले, आणि ते योग्यच होतं. निघण्याआधी विचारायचं एवढंच, की बंद काय पडलं आहे: गाडी, रस्ता, वीज की फक्त फोन?

वाटेत सापडलाच तर? गाडी दोन स्टेशनांच्या मधे थांबली आणि डब्यात पाणी नाही, तर खाली उतरू नये. शेजारच्या रुळावर गाडी येणार नाही याची खात्री नसते, आणि वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. तुटून लोंबणाऱ्या तारेच्या तर आसपासही फिरकू नये. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पुरात अडकली. चारी बाजूंनी पाणी असताना सुमारे हजार प्रवाशांना डब्यातच थांबायला सांगितलं गेलं आणि एनडीआरएफने होड्या आणून सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं.

रस्त्यावरचं पाणी जास्त फसवं असतं. २९ ऑगस्ट २०१७ ला, ऐन गणपतीत, सांताक्रूझला ३३१ मिलिमीटर पाऊस झाला. त्या संध्याकाळी शहरातले एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ घराच्या जवळ येऊन अडकले, गाडीतून उतरले आणि चालू लागले. मॅनहोलचं झाकण उघडं होतं. मृतदेह दोन दिवसांनी वरळीला सापडला. पाणी लवकर जावं म्हणून झाकण उघडायची रीत जुनी आहे आणि अनेकदा हे करणारे स्थानिक लोकच असतात, भल्या हेतूने. आता बऱ्याच ठिकाणी झाकणाखाली जाळी बसवली आहे, पण आपल्या वाटेवरच्या मॅनहोलला ती आहे का, हे पाण्यातून दिसत नाही. म्हणून हातात काठी किंवा मिटलेली छत्री घेऊन पुढची जमीन चाचपत, शक्यतो दुभाजकाला धरून, ओळीने चालावं. पाणी एका ठिकाणी गोल फिरताना दिसलं तर तिथे जाऊ नये. वाहतं पाणी घोट्याच्या वर आलं की माणसाचे पाय सुटू शकतात. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी मोटार तरंगते. मोटारीत असाल आणि पाणी दाराला लागलं, तर इंजिन पुन्हा सुरू करायच्या नादात वेळ घालवू नका. वीज बसली की काचा आणि सेंट्रल लॉक दोन्ही अडू शकतात. काच चालतेय तोवर खाली घ्यायची, बाहेर पडायचं, मोटार सोडून द्यायची. काच फोडायची वेळ आलीच तर बाजूची, कोपऱ्यात. समोरची फुटत नाही.

आणि ज्यांना ‘थांबा’ म्हणणारा साहेबच नाही? घरकामाच्या बायका, वॉचमन, जेवणाची पाकिटं पोहोचवणारी मुलं, नाक्यावरचा बिगारी. त्यांच्यासाठी ऑगस्ट २०१७ च्या त्या पावसात गणेश मंडळांनी मांडव उघडले, गुरुद्वारांनी लंगर लावले, आणि याच गोष्टीचा ‘मुंबई स्पिरिट’ म्हणून इतका गौरव झाला की व्यवस्था कुठे होती हे विचारायचं राहून गेलं. सोसायटीच्या क्लबहाऊसची किल्ली त्या रात्रीपुरती उघडायला ठराव लागत नाही. ताईंना दुपारी बारालाच ‘आज जेवून इथेच राहा’ म्हणता येतं. पाकीट पंधरा मिनिटं उशिरा आलं म्हणून कमी तारे देणारा ग्राहक तर आपल्यातलाच आहे.

घरी पोहोचल्यावर एक काम उरतं. तुंबलेल्या पाण्यातून चालून आलात आणि पायाला कुठे खरचटलं असेल, तर साबणाने धुऊन जखम झाका आणि २४ ते ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जा. लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन द्यायचं की नाही, ते ठरवतील. गरोदर बाई आणि लहान मुलांचं औषध वेगळं असतं. शेजाऱ्याची गोळी मागून घेऊ नये. या आजाराचा ताप कधीकधी आठ-दहा दिवसांनी येतो. तोवर पाऊस विसरलेला असतो. तेव्हा पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावं, त्यांनी विचारायची वाट पाहू नये.