‘फायनल-२’ नावाची फाइल

फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट शिकवताना मी आधी संगणक उघडतच नाही. दोघांना फळ्यावरचं एकच वाक्य दुरुस्त करायला लावते. दुरुस्त्या निराळ्या निघतात. मग कुणाची ठेवायची, हे बोलून ठरवावं लागतं. मर्ज कॉन्फ्लिक्ट म्हणजे एवढंच, पण नवशिके त्यालाच फार घाबरतात.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिलं. प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे जतन केलेल्या टप्प्यात, कुणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते. का बदललं, ते मात्र आपणच लिहायचं. माझ्या पीएचडीच्या वेळी ‘फायनल’, ‘फायनल-२’ अशा फाइलींच्या गर्दीत प्रबंधातला एक आलेख मलाच पुन्हा काढता आला नव्हता. म्हणून कळकळीनं सांगते: कमिटच्या संदेशात नुसतं ‘बदल केले’ लिहू नका. कारण लिहा.