चढावर गिअर का निसटतो?

श्रोतेहो, आपल्या साध्या सायकलीला एकच गिअर. मोठा चढ आला की खाली उतरायचे आणि ढकलत न्यायची. गिअरच्या सायकलीला मागच्या चाकावर लहानमोठी दातेरी चक्रे असतात. चेन मोठ्या चक्रावर गेली की पायडल हलके लागते. लहान चक्रावर आली की जड लागते, पण सपाटीवर वेग मिळतो.

जपानच्या शिमानो कंपनीने १९८४ साली ‘खट्’ आवाज करून नेमक्या जागी थांबणारा लिव्हर आणला, आणि पुढे तसलेच रूढ झाले. जुन्या सायकलींवरचा लिव्हर मात्र बिनखाचेचा. तो ओढला की केबल ताणते आणि चेन मोठ्या चक्राकडे सरकते. मागची स्प्रिंग ती केबल सारखी परत खेचत असते. मग लिव्हर जागेवर राहतो कसा? केवळ घर्षणाने! त्याच्या मुळाशी वॉशर एका स्क्रूने आवळलेले असतात. गुरुजी, वर्गात घर्षण शिकवायला हा दाखला फार उपयोगी.

हा स्क्रू सैल झाला, की नेमका चढावर लिव्हर सरकतो, चेन लहान चक्रावर पडते, पायाला हिसका बसतो. तोल गेला तर माणूस पडायचा. म्हणून स्क्रू थोडा थोडा आवळावा. लिव्हर बोटाने फिरला पाहिजे, पण आपण होऊन सरकता कामा नये. वॉशरवर तेल सोडू नये.

याहून मोठा धोका म्हणजे चेन सर्वांत मोठ्या चक्रापलीकडे जाऊन स्पोकमध्ये अडकण्याचा. ती अडवणारा एक छोटा स्क्रू मागच्या यंत्रणेवर असतो. त्याच्याजवळ बहुधा ‘एल’ अक्षर असते. मागचे चाक अधांतरी धरून, पायडल हाताने फिरवून गिअर बदलून पाहा. चेन पलीकडे जाऊ लागली तर हा स्क्रू थोडा आवळा. यंत्रणाच वाकली असेल, तर आधी मिस्त्रीकडून सरळ करून घ्या.

आता चालवण्याची रीत. गिअर बदलताना पायडल फिरते ठेवावे, पण पायाचा जोर कमी करावा. म्हणूनच गिअर चढाच्या पायथ्याशीच बदलावा, मध्यावर नव्हे. बदलल्यावर करकर ऐकू आली, तर लिव्हर किंचित पुढेमागे करावा. आवाज थांबला की चेन नीट बसली. केबल जराशी सैल पडली तरी हाताच्या अंदाजाने ती कसर भरून निघते. साध्या लिव्हरची सोय ती हीच.