यंत्राने लिहिलेली प्रार्थना ही प्रार्थना होते का?



डिसेंबर आला की शाळेच्या परिपाठात नाताळची प्रार्थना, येशूजन्माची गोष्ट, चार ओळींचं भाषण असं काहीतरी ठरलेलं असतं. आधी मुलं हे आजीकडून, चर्चमधल्या सिस्टरांकडून किंवा संडे स्कूलच्या बाईंकडून लिहून आणायची. आता 'चौथीच्या मुलासाठी नाताळची प्रार्थना लिही' असं मोबाइलला सांगितलं की काम झालं. शब्द गोड, शुद्धलेखन बरोबर, शेवटी आमेनसुद्धा. मग हरकत काय? हा प्रश्न सध्या जगभरातल्या ख्रिस्ती लोकांना पडला आहे आणि त्याचं उत्तर 'यंत्र वाईट, जुनं चांगलं' इतकं सोपं नाही. आपल्या वर्गात ख्रिस्ती मुलं असोत वा नसोत, मूल्यशिक्षणाच्या तासाला हा विषय उपयोगी पडेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी काय काय घडलं ते पाहू. जून २०२३ मध्ये जर्मनीतल्या फ्युर्थ शहरात प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांच्या मेळाव्यात एक उपासना झाली. तिच्यातला बहुतेक मजकूर, प्रवचन आणि प्रार्थनाही, चॅटजीपीटीने तयार केला होता आणि तो पडद्यावरच्या कृत्रिम चेहऱ्यांनी वाचून दाखवला. तीनशेहून जास्त लोक हजर होते. काहींना गंमत वाटली, काहींना त्यात जीवच नाही असं वाटलं.

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या 'कॅथलिक आन्सर्स' या संस्थेने 'फादर जस्टिन' नावाचा चॅटबॉट आणला. धर्माविषयी प्रश्न विचारा, तो उत्तर देईल, एवढाच उद्देश. पण हा फादर 'मी खराखुरा धर्मगुरू आहे' असं सांगू लागला, लोकांचं पापनिवेदन ऐकून पापक्षमा देऊ लागला. गॅटोरेड या खेळाडूंच्या पेयाने बाळाचा बाप्तिस्मा करता येईल, असंही त्याने एकाला सांगितलं! थोड्याच दिवसांत संस्थेने त्याचं 'फादर' पद काढलं, झगाही उतरवला. तो नुसता 'जस्टिन' उरला.

त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लुसर्न शहरात एका चर्चने प्रयोग म्हणून पापनिवेदनाच्या खोलीत पडदा बसवला. त्यावर येशूचा चेहरा दिसायचा आणि तो अनेक भाषांत उत्तरं द्यायचा. हे पापनिवेदन नाही, संवादाचा प्रयोग आहे, असं चर्चने स्पष्ट केलं होतं. आत जाणाऱ्याला 'खाजगी माहिती सांगू नका' अशी सूचनाही होती. ही सूचना मला फार बोलकी वाटते. कॅथलिक धर्मगुरूने पापनिवेदनात ऐकलेलं कुणालाही, कधीही, कोणत्याही कारणासाठी सांगायचं नसतं, असा चर्चचा कडक नियम आहे. म्हणजे ज्या खोलीत माणसाने मनातलं सगळं मोकळं करायचं, त्याच खोलीत 'जपून बोला' असं सांगावं लागलं.

आता मूळ मुद्दा. ख्रिस्ती लोक प्रार्थना कशाला म्हणतात?

लूकच्या शुभवर्तमानात एक शिष्य येशूला म्हणतो, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा. तेव्हा येशूने जी शिकवली तिला 'प्रभूची प्रार्थना' म्हणतात. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात तिच्या आधी दोन सूचना येतात. एक, खोलीत जा, दार लावा आणि गुप्तपणे प्रार्थना करा. दुसरी, फार शब्द वापरले म्हणजे देव ऐकेल असं समजू नका, कारण तुम्हाला काय हवं ते तुम्ही मागण्याआधीच पित्याला माहीत असतं. हे नीट वाचलं की लक्षात येतं, प्रार्थना म्हणजे देवाला माहिती कळवणं नव्हे. माहिती त्याच्याकडे आधीच आहे! मुलाने बापाजवळ जाऊन बसणं, असं काहीसं हे नातं आहे. आता गंमत बघा, यंत्र ज्या कामात हुशार आहे ते म्हणजे भरपूर शब्द तयार करणं, आणि नेमकं तेच येशूने बिनमहत्त्वाचं ठरवलं.

बायबलमध्ये हन्नाची गोष्ट आहे. मूल होत नाही म्हणून ती मंदिरात रडत प्रार्थना करते. ओठ हलतात पण आवाज येत नाही. एली नावाच्या याजकाला वाटतं, ही बाई दारू प्यायली आहे. बाहेरून पाहिलं तर तिथे ऐकू येण्यासारखं काहीच नव्हतं, तरी बायबल तिला प्रार्थनाच मानतं. संत पौलानेही रोमकरांस पत्रात लिहिलं आहे की आपल्याला शब्द सुचत नाहीत तेव्हा पवित्र आत्मा आपल्या वतीने उसासे टाकतो. मुलांना ही गोष्ट सांगून पाहा. शब्दांशिवाय प्रार्थना असते हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतं.

इथे कुणीही हुशार पालक विचारेल, 'मग चर्चमधल्या पुस्तकातल्या प्रार्थनांचं काय? त्याही दुसऱ्यानेच लिहिलेल्या ना?' प्रश्न अगदी बरोबर आहे. १५० स्तोत्रं, प्रभूची प्रार्थना, जपमाळ हे सगळे उसने शब्दच आहेत. वसईत किंवा गोव्यात संध्याकाळी घरोघरी तेर्स म्हणतात, त्यात तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून आलेले जेज्वीट. त्यांनी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' रचलं आणि ते १६१६ मध्ये गोव्यात राचोल इथे छापलं गेलं. गद्य न लिहिता ओवीच का? कारण ओवी कानाला ओळखीची होती आणि जिभेवर बसत होती. लोकांनी ती चर्चमध्ये ऐकली, गायली. शब्द स्टीफन्सचे, पण गाणाऱ्याच्या तोंडी ते त्याचे झाले.

तेव्हा उसने शब्द हा दोष नाही. फरक कुठे आहे ते आपण शिक्षक रोज बघतो. एक मुलगा कविता पाठ करतो आणि दुसरा निबंधमालेतून निबंध उतरवतो. दोघांचेही शब्द दुसऱ्याचेच. पण पाठ केलेली कविता मुलात राहते, चाळिसाव्या वर्षीही आठवते. उतरवलेला निबंध वहीत जातो आणि संपतो. यंत्राकडून आणलेली प्रार्थना बहुतेक वेळा उतरवलेल्या निबंधासारखी वापरली जाते. ती कुणी रडून, झगडून लिहिलेली नसते, आणि वाचणाराही ती एकदा वाचून सोडून देतो. तेच मूल ती प्रार्थना घेऊन तिच्यातली दोन वाक्यं खोडून स्वतःची दोन घालत असेल, आजारी आजोबांचं नाव घालत असेल, तर माझी तरी तक्रार नाही.

याहून मोठी अडचण मला वेगळीच वाटते. यंत्र कधी गप्प राहत नाही. रात्री दोन वाजता विचारा, उत्तर हजर, आणि बहुतेकदा आपल्याला बरं वाटेल असंच. देव तसा नाही. गेथशेमाने बागेत येशूने तीच प्रार्थना तीनदा केली. मत्तयाच्या वर्णनात वरून उत्तर आल्याचं कुठेही नाही, उलट शिष्य झोपलेले सापडतात. ८८ वं स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावरच संपतं, शेवटी दिलासा नाही. तरी शेकडो वर्षं लोकांनी ते प्रार्थनेच्या पुस्तकातून काढून टाकलं नाही! वाट पाहणं हा आध्यात्मिक जीवनाचा मोठा भाग आहे. लगेच उत्तर मिळायची सवय लागलेल्या मुलाला हे शिकवणं कठीण जाणार आहे, आणि मुलं मनातलं दुःख माणसांऐवजी स्क्रीनला सांगू लागली तर ते आपल्याला कळणारही नाही. पालकांनी इकडे लक्ष ठेवावं.

व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ रोजी कृत्रिम बुद्धिमत्तेवर 'अँटिक्वा एट नोव्हा' हा दस्तऐवज काढला. जुन्या मूर्तींना तोंड होतं पण त्या बोलत नव्हत्या. हे यंत्र मात्र बोलतं, निदान बोलल्यासारखं वाटतं, म्हणून ते जास्त भुरळ पाडू शकतं, असा इशारा त्यात आहे. शिक्षकाची वर्गातली प्रत्यक्ष उपस्थिती यंत्र भरून काढू शकत नाही, असंही त्यात सांगितलं आहे. पुढे मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपल्या नावाचं कारण सांगताना कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख केला. तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये कारखान्यांच्या युगातल्या कामगारांविषयी लिहिलं होतं, तसाच बदल आता पुन्हा येतो आहे, असं त्यांचं म्हणणं.

उपयोग काहीच नाही असंही नाही हं. एखादं वचन कोणत्या अध्यायात आहे ते शोधणं, दृष्टिहीन माणसाला बायबल वाचून दाखवणं, अवघड शब्दाचा अर्थ सांगणं ही कामं यंत्र करतं. पण तपासून घ्या. बायबलमध्ये नसलेलं वचनही ते आत्मविश्वासाने अध्याय-क्रमांकासह देतं. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल साध्या मराठीत आणलं, त्यात त्यांच्या आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं गेली. आज भाषांतर क्षणात मिळतं. पण त्या वर्षांत रमाबाई प्रत्येक शब्दापाशी थांबल्या असतील, तसं थांबणं क्षणात मिळणाऱ्या भाषांतरात होत नाही.

घरी करून पाहण्यासारखी एक जुनी रीत सांगते. सोळाव्या शतकातल्या संत इग्नाशियस लोयोला यांनी दिवसाकडे मागे वळून पाहायला शिकवलं. झोपण्याआधी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा. आज कशाबद्दल आभार मानावेसे वाटतात, कुणाला दुखावलं, उद्या काय वेगळं करायचं, एवढं मनात आठवायचं. ख्रिस्ती घरात ते देवासमोर आठवतात. इतर घरांत आपापल्या पद्धतीने करता येईल. मोठ्यांनीही मुलांसोबत बसावं, नुसतं 'तू कर' असं सांगू नये. पहिल्या दिवशी मूल 'मला काहीच आठवत नाही' म्हणेल. म्हणू द्यावं, आणि दोन मिनिटं त्याच्याजवळ गप्प बसावं.