धाप लागते, ती वयामुळेच असते का?

आमच्या कोरपना तालुक्यात उन्हाळा आला की दोनच गोष्टींची चर्चा असते, पारा आणि पाणी. श्वासाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. पाण्याची घागर आणताना दोनदा टेकावं लागतं, पहाटे खोकल्याची उबळ थांबत नाही, तरी बायका म्हणतात, "काही नाही माय, वय झालं!" चाळिशीत कसलं हो वय?

आपल्या चुलीत पऱ्हाटी जळते, तुराट्या जळतात. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस आला खरा, पण सिलिंडर भरायला पैसे नसले की पुन्हा चूलच पेटते. धुराचे बारीक कण फुप्फुसात खोलवर बसतात. वर्षानुवर्षे असं झालं की श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. डॉक्टर याला सीओपीडी म्हणतात. हा विडी ओढणाऱ्यांचा आजार, असा आपला समज. पण विडीला कधी हातही न लावलेल्या बायकांना तो चुलीपायी होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली.

त्यात आता हवामान बदलतंय. मे २०१९ मध्ये चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. तापमानवाढीने अशा लाटा वाढतील, असं शास्त्रज्ञ सांगतात. आधीच दुखावलेल्या फुप्फुसांना ही उष्णता सोसत नाही. वाहनं-कारखान्यांच्या धुरावर कडक ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन वायू तयार होतो. त्याने श्वासनलिकांना सूज येते. गडचांदूर-आवारपूर पट्ट्यात सिमेंटचे कारखाने, ट्रकची वर्दळ. पाऊस लांबला की रस्त्यावरची धूळही बसत नाही. बाहेर धूळ, आत धूर. बाईने जायचं कुठे?

मैत्रिणींनो, निदान एवढं करा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयरोगाची ही तपासणी तिथे मोफत होते. क्षयरोग नसेल आणि धाप चालूच असेल, तर यंत्रात फुंकर मारून करायची श्वासाची तपासणी कुठे होईल, ते डॉक्टरांना विचारा. चूल उघड्यावर, छपरीत मांडा. लेकराला कडेवर घेऊन फुंकू नका. उन्हाच्या लाटेत दुपारची कामं टाळा. डॉक्टरांनी तोंडाने ओढायचा पंप दिला तर घाबरू नका. पंपाची सवय लागते, हा गैरसमज आहे. आपल्याला सवय लागलीय ती धाप मुकाट्याने सोसण्याची. तीच आधी सोडू या.