निझ्नी नोवगोरोदची जत्रा आणि आमची उधारी

रशियात व्होल्गा आणि ओका या नद्यांच्या संगमावर निझ्नी नोवगोरोद हे मोठे शहर आहे. 1816 साली माकारयेवचा बाजार जळाला आणि 1817 पासून ती जत्रा येथे भरू लागली. चीनचा चहा, बुखाऱ्याचा कापूस, इराणी माल, रशियन लोखंड सारे येथे येई.

फ्रेंच प्रवासी मार्की द कुस्तीन 1839 साली येथे आला. चहाचे प्रचंड साठे आणि बाजाराखालची दगडी गटारे त्याच्या नजरेत भरली. 1858 साली लेखक अलेक्सांद्र द्यूमा येऊन गेले. जत्रेत मोठे चर्च होते, आर्मेनियनांचे वेगळे चर्च होते, तशीच मुसलमान व्यापाऱ्यांसाठी मशीदही होती.

आम्हा कापडवाल्यांना मात्र दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. तेथे पुष्कळ माल उधारीवर जाई आणि हिशेब पुढच्या जत्रेत चुकता होई. भाषा वेगळी, मजहब वेगळा. तरी व्यवहार भरवशावर चाले. वायदा मोडणाऱ्याला पुढच्या साली माल कोण देणार?

आम्ही मात्र नव्वद दिवसांची उधारी सहा महिने लांबवतो आणि बिचाऱ्या यंत्रमागवाल्याची मजुरी अडकते. उधारी मुदतीसह लिहून ठेवा, हा तर सूरह बकराचा हुकूम आहे. बंधूंनो, आपली वही आजच उघडा. कोणाचे देणे राहिले आहे, ते आधी पाहा.