स्थूलतायुक्त मधुमेह : शस्त्रक्रिया व औषधी चिकित्सा

स्थूलतेसह आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहावर दोन मार्गांनी उपचार करतात. आहारनियमन, व्यायाम व औषधे यांच्या साहाय्याने रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण मर्यादेत ठेवणे ही औषधी चिकित्सा होय. तर जठर व लघ्वांत्र यांच्या रचनेत बदल करून वजन व रक्तशर्करा दोन्ही कमी करणे ही शस्त्रचिकित्सा होय. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात अग्निपिंडातील इन्शुलीन निर्माण करणाऱ्या कोशिकाच नष्ट होत असल्यामुळे शस्त्रक्रियेने इन्शुलिनाची गरज संपत नाही; म्हणून त्याचा विचार येथे केलेला नाही.

दुसऱ्या प्रकारात ऊतके इन्शुलिनाला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत व पुढे इन्शुलिनाची निर्मितीही घटत जाते. यकृत व अग्निपिंड यांत साचलेली वसा या विकृतीस हातभार लावते. त्यामुळे वजन पुरेसे व लवकर घटल्यास रोग मागे हटू शकतो. औषधे बंद केल्यावर किमान तीन महिने एचबीएवनसी (रक्तशर्करेची सु. तीन महिन्यांची सरासरी दर्शविणारे मान) ६.५ टक्क्यांपेक्षा कमी राहिल्यास त्या स्थितीस ‘रोगोपशम’ म्हणतात. रोगोपशम म्हणजे रोगाचे समूळ उच्चाटन नव्हे.

औषधी चिकित्सा : मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ प्रचारात आहे. सल्फोनिलयूरिया वर्गातील औषधे व इन्शुलीन यांनी शर्करा उतरते, परंतु वजन वाढण्याचा संभव असतो. आंत्रातील हॉर्मोनांप्रमाणे कार्य करणाऱ्या नव्या औषधांत हा दोष नाही. मधुमेही रुग्णांवरील चाचण्यांत सेमाग्लुटाइडामुळे ६८ आठवड्यांत सरासरी ९.६ टक्के (२०२१), तर टिर्झेपॅटाइडाच्या सर्वाधिक मात्रेने ७२ आठवड्यांत सरासरी १४.७ टक्के (२०२३) वजन घटले. औषध थांबविल्यास मात्र वजन बहुधा पुन्हा वाढते. केवळ आहारानेही रोगोपशम शक्य असल्याचे ब्रिटनमधील एका चाचणीत दिसून आले (२०१७). दररोज सु. ८५० किलोकॅलरींचा आहार काही महिने घेणाऱ्या गटातील ४६ टक्के रुग्णांत एका वर्षाअखेर रोगोपशम आढळला. दुसऱ्या वर्षी हे प्रमाण ३६ टक्के झाले.

शस्त्रचिकित्सा : वजन घटविण्यासाठी लघ्वांत्राचा बराच भाग वगळण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९५४ मध्ये प्रथम करण्यात आली, परंतु कुपोषण व यकृतविकार उद्‌भवू लागल्याने ती पुढे मागे पडली. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये आयोवा येथे जठर वगळण्याची पद्धती सुरू केली. तिच्या प्रचलित प्रकारात जठराच्या वरच्या टोकाची लहान पिशवी करून ती थेट मध्यांत्राला जोडतात. त्यामुळे अन्न उरलेले जठर व ग्रहणी यांतून जात नाही. दुसऱ्या प्रचलित पद्धतीत जठराचा सु. तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग काढून टाकून त्याची अरुंद नळी करतात. वजन फारसे घटण्यापूर्वीच, काही दिवसांतच, रक्तशर्करा उतरू लागते. शस्त्रक्रियेनंतरचा अत्यल्प आहार व आंत्रातील हॉर्मोनांच्या स्रावात होणारी वाढ ही त्याची प्रमुख कारणे होत.

तुलना : क्लीव्हलँड येथील १५० रुग्णांच्या चाचणीत एचबीएवनसी ६ टक्के वा त्याहून कमी राखणाऱ्यांचे प्रमाण पाच वर्षांनंतर औषधी गटात ५ टक्के, जठर वगळलेल्या गटात २९ टक्के व जठराची नळी केलेल्या गटात २३ टक्के होते (२०१७). रोम येथील ६० रुग्णांच्या चाचणीत दहा वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३७.५ टक्के रुग्णांत रोगोपशम टिकून होता. औषधी गटातील केवळ एकाच रुग्णात तो आढळला व त्यानेही मध्यंतरी शस्त्रक्रिया करून घेतली होती. ज्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत रोग परतला त्यांचीही शर्करा बऱ्यापैकी नियंत्रणात होती (२०२१). अमेरिकेतील चार चाचण्यांच्या एकत्रित निष्कर्षांनुसार सात वर्षांनंतर रोगोपशमाचे प्रमाण शस्त्रक्रियेने १८.२ व औषधी चिकित्सेने ६.२ टक्के होते (२०२४). शस्त्रक्रियेचे श्रेष्ठत्व त्यावरून दिसते, तसेच तिचा परिणाम कालांतराने ओसरतो हेही. मात्र या चाचण्या सुरू झाल्या तेव्हा वर उल्लेखिलेली दोन्ही नवी औषधे उपलब्ध नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

धोके : अनुभवी शल्यचिकित्सकांच्या हाती मृत्यूचे प्रमाण अल्प असले, तरी रक्तस्राव, जोडातून गळती व रक्ताच्या गुठळ्या हे उपद्रव संभवतात. पुढे लोह, कॅल्शियम व ब१२ जीवनसत्त्व यांची न्यूनता, पांडुरोग आणि अस्थिभंग यांचे प्रमाण वाढते. म्हणून पूरक जीवनसत्त्वे व नियमित रक्ततपासणी जन्मभर आवश्यक असते. औषधांमुळे मळमळ, उलटी यांसारखा त्रास होतो व त्यांचा खर्च सतत चालू राहतो.

निवड : वजनाला उंचीच्या (मीटरमधील) वर्गाने भागल्यास देहभार निर्देशांक मिळतो. अनेक मधुमेह संघटनांनी मान्य केलेल्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार तो ४० वा अधिक असल्यास, तसेच ३५ ते ४० च्या दरम्यान असून शर्करा आटोक्यात येत नसल्यास शस्त्रक्रियेची शिफारस करतात; ३० ते ३५ च्या दरम्यान उपचार अपुरे पडल्यास तिचा विचार करतात. आशियाई लोकांसाठी या मर्यादा २.५ ने खाली आणल्या आहेत. कारण समान निर्देशांक असूनही त्यांच्या शरीरात वसा अधिक असते. पुणे येथील चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये जॉन युडकिन यांच्यासह हे विशेष लक्षात आणून दिले. दोघांचाही निर्देशांक २२.३ असताना युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के वसा आढळली.

रोग नवा असताना व इन्शुलिनाची निर्मिती टिकून असताना शस्त्रक्रियेचा लाभ सर्वाधिक होतो. अनेक वर्षे इन्शुलीन घेणाऱ्यांत रोगोपशमाची शक्यता कमी असते. त्यामुळे सर्व औषधे निष्फळ ठरेपर्यंत वाट पाहण्यात लाभाचा काळ निघून जातो. तथापि आजन्म देखरेख दोन्ही मार्गांत अपरिहार्य आहे. ती पाळणे ज्यास शक्य नाही त्याच्यावर शस्त्रक्रिया करणे योग्य ठरत नाही.